डेन्व्हर ते यलोस्टोन : भाड्याच्या मोटरहोममधून सोळा रात्री

गेल्या सप्टेंबरमध्ये, गणपतीचे विसर्जन आटोपल्यानंतरच्या सोमवारी, आम्ही पती-पत्नीने डेन्व्हर शहराबाहेरच्या एका आवारातून पंचवीस फूट लांबीचे मोटरहोम भाड्याने घेतले आणि सोळा रात्री त्यातच राहून वायोमिंग, साउथ डकोटा आणि मोंटाना या राज्यांतील उद्याने व ऐतिहासिक स्थळे पाहिली. अमेरिकेत राहून आम्हाला पंचवीस वर्षांहून अधिक काळ झाला असला आणि मोटार घेऊन, मोटेलमध्ये उतरत पुष्कळ भटकंती झालेली असली, तरी चाकांवरचे घर चालवण्याची ही पहिलीच वेळ होती. गाडी, ती भाड्याने देणाऱ्यांची सेवा आणि ज्या जागी ती उभी केली त्या जागा, या सगळ्यांविषयी येथे लिहिले आहे. भाडे-कंपनीचे नाव मी देत नाही, कारण तिच्याविषयी माझ्या तक्रारी आहेत आणि एका आवारातल्या एका गाडीवरून संपूर्ण कंपनीला दोष देणे मला योग्य वाटत नाही.

आधी माझे मत सांगते. मोटरहोम स्वस्त पडते म्हणून घेऊ नये, कारण ते स्वस्त पडत नाही. आणि वाटेल तेथे, वाटेल तेव्हा थांबता येते म्हणूनही घेऊ नये, कारण चांगल्या जागांची नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते. ते घ्यावे ते वस्तीसाठी. मोटेलमध्ये उतरणारा पाहुणा उद्यानात दहा वाजता पोहोचतो आणि पाचला निघतो, म्हणजे नेमकी पहाट आणि संध्याकाळ त्याच्या हाती लागत नाही. आम्हाला या प्रवासात जे काही मनापासून आवडले, त्यातले बहुतेक सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यानंतर घडले.

गाडी फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर बांधलेली, 'क्लास सी' म्हणतात त्या प्रकारची होती. चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला माळ्यासारखा पलंग, मागे दुसरा पलंग, मध्ये जेवणाचे टेबल, तीन बर्नरचा गॅस, फ्रिज, आणि उभे राहून अंघोळ करता येईल एवढे न्हाणीघर असा तिचा पसारा होता. कंपनीने त्याच भाड्यात तीस फुटी गाडी देऊ केली होती. ती आम्ही नाकारली आणि हा आमचा सर्वांत चांगला निर्णय ठरला. उद्यानांच्या आतील जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये पंचवीस फुटांपर्यंतच्या जागा पुष्कळ असतात आणि त्यापुढे त्या झपाट्याने कमी होत जातात. शिवाय पहिल्यांदा गाडी मागे घेताना पाच फूट किती असतात, हे त्या चाकामागे बसल्यावरच कळते. गाडी मागे घेताना एकाने उतरून मागे उभे राहायचे आणि आरशात दिसेल असा हात करायचा, हा नियम आम्ही पहिल्या दिवशी केला आणि शेवटपर्यंत पाळला. मागचा कॅमेरा चांगला होता, पण झाडाची वर आलेली फांदी त्यात दिसत नाही.

गाडी ताब्यात देण्याचे काम मात्र फार घाईने उरकण्यात आले. कर्मचारी तरुण, नम्र आणि कामात बुडालेला होता; आमच्यामागे आणखी चार कुटुंबे उभी होती. पंचवीस मिनिटांत त्याने पाण्याची टाकी, जनरेटर, गॅसची झडप, सांडपाण्याचे नळ, तीस अँपियरची वीजजोडणी आणि बाहेर सरकणारी भिंत असे सगळे दाखवले. ज्याने हे आधी केले आहे त्याला एवढे पुरेल. नवख्याला पुरत नाही. माझ्या पतींनी सगळे फोनवर चित्रित करून घेतले म्हणून आमचे निभावले. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने निदान दोन गोष्टी आपल्या हाताने करून दाखवण्याचा आग्रह धरावा, असे मी सांगेन: सांडपाण्याचा पाइप जोडून त्यातून पाणी सोडून पाहणे, आणि बाहेरची वीज न जोडता अर्धा तास हीटर चालवून बॅटरीचा काटा पाहणे. आम्ही या दोन्ही केल्या नाहीत आणि दोन्ही ठिकाणी अडचणीत आलो.

पहिला मुक्काम वायोमिंगमधील गर्न्सी स्टेट पार्कमध्ये केला. तेथून फोर्ट लारामी जवळ आहे आणि ऑरेगन ट्रेलच्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या तर गावालगतच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या याच एका खडकावरून जात राहिल्या आणि मऊ वालुकाश्मात लोखंडी धावांनी चार-पाच फूट खोल खाच पाडली. मी त्या खाचेत उतरून उभी राहिले, तेव्हा दोन्ही कडा माझ्या छातीपर्यंत आल्या. खडकाला हात लावला की धावेने घासून केलेला गुळगुळीतपणा बोटांना कळतो. त्या गाड्या जेमतेम दहा-बारा फूट लांब असत, आत सामान भरलेले असे आणि माणसे बहुतेक अंतर पायी चालत. आमची गाडी पलीकडे रस्त्यावर उभी होती. तिच्यातला फ्रिज, पलंग आणि गरम पाणी आठवून मी बराच वेळ तेथून हलले नाही.

फोर्ट लारामीला प्रवेशशुल्क नाही आणि आवाराबाहेर मोठ्या गाड्यांना पुरेशी जागा आहे. १८३४ मध्ये व्यापारी ठाणे म्हणून हे सुरू झाले, १८४९ मध्ये लष्कराने ते विकत घेतले आणि १८९० मध्ये सोडून दिले. 'ओल्ड बेडलम' नावाची पांढरी दुमजली इमारत त्याच १८४९ सालची असून ती वायोमिंगमधील उभ्या असलेल्या इमारतींत सर्वांत जुनी मानली जाते. आमच्या दृष्टीने मात्र या जागेचे महत्त्व १८६८ च्या तहात होते. त्या तहाने आजच्या साउथ डकोटाचा मिसूरी नदीच्या पश्चिमेकडील सगळा भाग, ब्लॅक हिल्ससह, लकोटा या आदिवासी लोकांसाठी राखला होता. सहा वर्षांनी लष्करी अधिकारी कस्टर याच्या मोहिमेला ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडले, १८७६ मध्ये लढाई झाली आणि १८७७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करून ते डोंगर काढून घेतले. आमचा मार्ग नकळत याच क्रमाने आखला गेला होता: आधी तहाची जागा, मग ते डोंगर, मग रणभूमी. हाच क्रम मी इतरांनाही आग्रहाने सुचवते, कारण एकेक स्थळ सुटे पाहिले तर त्याचा अर्थ अर्धाच कळतो.

दुसरी आणि तिसरी रात्र ब्लॅक हिल्समधील विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातील एल्क माउंटन कॅम्पग्राउंडमध्ये होती. येथे वीज नाही, अंघोळीची सोय नाही. गवताळ माळ, पाइनची झाडे आणि शांतता एवढेच आहे. १९०३ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान गुहेच्या रक्षणासाठी निर्माण केलेले पहिले राष्ट्रीय उद्यान आहे. गुहेचे मूळ तोंड इतके लहान आहे की मोठ्या माणसाला त्यात जेमतेम शिरता येईल. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की त्या भोकातून वारा कधी आत जातो, कधी बाहेर येतो. मी ओढणीचे टोक त्याच्यासमोर धरले आणि ते आत ओढले गेले. लकोटांच्या श्रद्धेनुसार त्यांचे पूर्वज याच वाटेने पृथ्वीच्या पोटातून वर आले. कालचा तह आठवत असताना हे ऐकले, म्हणजे त्या लोकांना हे डोंगर का सोडवत नाहीत, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच रात्री बॅटरीने दगा दिला. पहाटे तीनच्या सुमारास मला थंडीने जाग आली. "अहो, पंखा बंद पडलाय," मी म्हटले. "गॅस संपला असेल अगं," म्हणत हे उठले, पण गॅसचा काटा अर्ध्यावर होता. मोटरहोमचा हीटर जळतो गॅसवर, पण गरम हवा खेळवणारा पंखा चालतो घरातल्या बॅटरीवर, आणि ती बॅटरी जुनी होऊन संपलेली होती. पाठोपाठ जमिनीलगतचा गॅससूचक, वीज कमी झाल्यामुळे, दर मिनिटाला टिकटिकू लागला. बाहेर तीन अंश सेल्सिअस तापमान होते. कॅम्पग्राउंडमध्ये रात्रीच्या शांततेच्या वेळेत जनरेटर लावायला मनाई असते आणि ती योग्यच आहे. शेजारी तंबूत माणसे झोपलेली होती. आईने शिवलेली गोधडी मी सामानात टाकली होती, तिच्यावर ती रात्र काढली. सकाळी व्हिजिटर सेंटरपाशी फोनला रेंज मिळाल्यावर कंपनीच्या मदत-क्रमांकावर चाळीस मिनिटे थांबावे लागले आणि तेथून पहिला सल्ला मिळाला तो जनरेटर लावण्याचा. पुढची रात्र झोपण्यापूर्वी दोन तास जनरेटर चालवून भागवली. अखेरीस रॅपिड सिटीतील एका दुरुस्तीच्या दुकानात आम्ही स्वतःच्या पैशांनी नवी बॅटरी बसवून घेतली. ते काम तासाभरात आणि अत्यंत नीटनेटके झाले.

चौथ्या दिवशी आम्ही बॅडलँड्समध्ये पोहोचलो. येथील सीडर पास कॅम्पग्राउंडमध्ये काही जागांना वीजजोडणी आहे. झाडे जवळजवळ नाहीत आणि समोर थेट मातीचे कडे उभे. त्या कड्यांवर पिवळे, राखाडी आणि गुलाबी-तांबडे पट्टे आडवे ओढलेले आहेत. दुपारच्या उन्हात ते फिके पडतात, पण सकाळी साडेसहाला, सूर्य तिरपा असताना, प्रत्येक पट्टा वेगळा उठून दिसतो. ज्यांनी दुपारी दोन तासांत हे उद्यान आटोपले, त्यांनी ते पाहिलेच नाही असे मी म्हणेन. रात्री, चंद्र उगवायच्या आधी, दिवे बंद करून आम्ही पायरीवर बसलो, तेव्हा आकाशगंगा कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली दिसली. महाराष्ट्रात लहानपणी गच्चीवर झोपताना दिसायची, तेवढी स्पष्ट मी ती त्यानंतर पाहिली नव्हती.

बॅडलँड्सपासून महामार्गाने थोडेच अंतर गेल्यावर मिनटमन मिसाइल राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ लागते आणि ते अजिबात चुकवू नये. साउथ डकोटाच्या गवताखाली एके काळी दीडशे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे सज्ज होती. डेल्टा-०९ या ठिकाणी क्षेपणास्त्र ठेवण्याची जमिनीखालची एक विहीर जतन केली आहे. तिच्यावर काचेचे छप्पर आहे आणि आत प्रशिक्षणासाठी वापरलेले, स्फोटके नसलेले क्षेपणास्त्र उभे आहे. चहूकडे गुरे चरत असतात. काचेला कपाळ टेकवून खाली पाहताना तेथील नीरवता अंगावर येते. अर्ध्या तासात दुसऱ्या खंडावरचे शहर नष्ट करू शकणारे हे यंत्र तीसेक वर्षे येथे शेतकऱ्याच्या कुंपणाशेजारी होते.

सांडपाण्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण मोटरहोम घेऊ इच्छिणारी बहुतेक मराठी कुटुंबे याच विचाराने मागे फिरतात. गाडीला दोन टाक्या असतात: शौचालयाची ब्लॅक टँक आणि स्वयंपाक-अंघोळीच्या पाण्याची ग्रे टँक. डंप स्टेशनवर हातमोजे घालून जाड पाइप जमिनीतील तोंडाला जोडायचा, आधी ब्लॅक टँकची झडप उघडायची, ती पूर्ण रिकामी झाली की बंद करायची आणि मग ग्रे टँक सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. पंधरा मिनिटांचे काम आहे आणि दुसऱ्या खेपेपासून त्याचे काही वाटत नाही. आपल्याकडे पाणी वापरण्याची सवय असते, ती येथे उपयोगी पडते, कारण टाकीत पाणी भरपूर असेल तर काही साचून राहत नाही. दोघांना ती टाकी साधारण चार दिवस पुरली. भिंतीवरील दर्शक मात्र टाकी रिकामी असतानाही दोन-तृतीयांश भरलेली दाखवत असे. त्यावर विसंबू नये. कंपनीने दिलेल्या पाइपला घडीपाशी बारीक भोक होते, ते पहिल्याच खेपेला माझ्या पतींच्या बुटांवर आलेल्या पाण्याने कळले. चाळीस डॉलरला नवा पाइप घेतला. इतकी स्वस्त वस्तू, जिच्यावर गिऱ्हाइकाचे आरोग्य अवलंबून आहे, ती प्रत्येक भाड्यानंतर तपासली जात नाही, याचा मला मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

माउंट रशमोरला आमचा वेळ थोडा गेला. शिल्पकार गटझन बोरग्लम याने १९२७ ते १९४१ या काळात, सुमारे चारशे कामगारांच्या साहाय्याने, चार राष्ट्राध्यक्षांचे साठ फूट उंचीचे चेहरे कोरून घेतले. कौशल्य निर्विवाद आहे. परंतु लकोटा लोक या डोंगराला 'सहा आजोबा' म्हणत, हे ठाऊक असल्यावर केवळ कौतुकाच्या नजरेने पाहणे आम्हाला जमले नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्सचे डोंगर घेतल्याबद्दल भरपाई देण्याचा निर्णय कायम केला, ती रक्कम लकोटांनी आजपर्यंत स्वीकारलेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत. जवळच्या कस्टर स्टेट पार्कमधील नीडल्स हायवे मोटरहोमने करू नये, कारण तेथील एका बोगद्याची रुंदी सुमारे आठ फूट आहे आणि आमची गाडी आरसे सोडूनच त्याहून रुंद होती. वन्यजीव-फेरीचा रस्ता मात्र रुंद असून बायसनचे कळप त्यावर अगदी जवळून दिसतात.

डेव्हिल्स टॉवरच्या पायथ्याच्या कॅम्पग्राउंडमध्ये आगाऊ नोंदणी नसते. जो आधी येईल त्याला जागा. आम्ही अकराच्या आत पोहोचलो आणि कॉटनवुडच्या झाडाखालची, थेट समोर तो सुळका दिसणारी जागा मिळाली. १९०६ मध्ये जाहीर झालेले हे अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय स्मारक. सुळका पायथ्यापासून ८६७ फूट उंच आहे आणि त्याच्या अंगावरचे उभे स्तंभ जवळून पाहिले की एखाद्या देवळाच्या खांबांची दाटी वाटते. पायवाटेच्या कडेच्या झाडांना आदिवासी भाविकांनी बांधलेली रंगीत फडकी आहेत. त्यांना हात लावू नये, छायाचित्रही घेऊ नये, अशी विनंती तेथे केलेली आहे. कायोवा लोकांच्या कथेच्या एका पाठात सात बहिणी अस्वलापासून पळताना या खडकावर चढतात, खडक उंच होत जातो, अस्वलाच्या नखांचे ओरखडे त्यावर उमटतात आणि बहिणी आकाशात जाऊन तारे होतात. ते तारे म्हणजे आपल्या कृत्तिका. रात्री दहाच्या सुमारास त्या पूर्वेला वर आल्या, तेव्हा मी पतींना कार्तिकेयाच्या मातांची गोष्ट सांगितली. ती त्यांना ठाऊक होतीच, पण त्या जागी त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

लिटल बिगहॉर्नची रणभूमी आम्ही सकाळी आठला, दार उघडताच गाठली. २५ आणि २६ जून १८७६ रोजी लकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी येथे कस्टर आणि त्याच्या हाताखालच्या तुकडीचा पुरता पराभव केला. या रणभूमीचे वेगळेपण असे की जेथे सैनिक पडले त्याच जागी संगमरवरी पांढरे दगड उभे केले आहेत, त्यामुळे टेकडीच्या उतारावर नजर फिरवली की माघार कशी कशी होत गेली ते दगडांवरूनच वाचता येते. कोठे दोन दगड जवळजवळ, कोठे एकच, फार दूर, गवतात. आदिवासी योद्ध्यांचे तांबड्या ग्रॅनाइटचे दगड १९९९ पासून बसवले गेले, आणि त्यांचे स्मारक २००३ मध्ये झाले. जागेचे नावही १९९१ पर्यंत कस्टरच्याच नावाने होते. आम्ही तेथे चार तास होतो. मोटारीच्या प्रवासात एवढा वेळ दिला नसता. येथे मात्र दुपारचे जेवण वाहनतळावरच्या गाडीत होते, म्हणून घाई नव्हती.

त्यानंतर बिगहॉर्न पर्वत ओलांडायचा होता. नकाशात १४, १४-ए आणि १६ असे तीन मार्ग दिसतात. त्यांपैकी १४-ए चा उतार अतिशय तीव्र आहे आणि मोटरहोमसाठी १६ क्रमांकाचाच मार्ग घ्यावा. त्याची खिंडही ९,६६६ फुटांवर आहे, पण वळणे सौम्य आहेत. येथे मी गाडी चालवत होते. उतरताना गियरच्या दांड्यावरील 'टो-हॉल' बटण दाबले की गाडी खालचा गियर धरून ठेवते आणि इंजिनच वेग आवरते, ब्रेकवर सतत पाय ठेवावा लागत नाही. पाच-साडेपाच टनांची गाडी उतारावर ब्रेकच्या भरवशावर सोडली तर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. हे बटण कोठे आहे, हे कंपनीच्या कर्मचाऱ्याने सांगितले नव्हते. मी ते गाडीच्या पुस्तकात आदल्या रात्री वाचले होते. टेन स्लीपच्या दरीत उतरेपर्यंत माझे खांदे आखडले होते, परंतु त्या दिवसानंतर गाडीची भीती गेली.

यलोस्टोनमध्ये आम्ही चार रात्री फिशिंग ब्रिज येथे होतो. या उद्यानात पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेले हे एकच ठिकाण आहे. ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे येथे तंबू चालत नाहीत, पक्क्या भिंतींच्याच गाड्या चालतात. जागा एकमेकींना चिकटून आहेत, निसर्गरम्य म्हणावे असे त्या आवारात फारसे काही नाही आणि दरही चढा आहे. तरीही सोय पाहता मी तेच पुन्हा निवडेन. आम्ही नोंदणी आदल्या डिसेंबरमध्ये केली होती. सकाळी सहाला निघून हेडन खोऱ्यात पोहोचले की नदीवरच्या धुक्यातून बायसनचे आकार एकेक करून उमटत जातात, आणि सप्टेंबरमध्ये नर एल्कची (हे एक मोठे हरीण) शीळ घातल्यासारखी उंच, लांबलेली साद दूरवरून येते. ग्रँड प्रिझ्मॅटिक या रंगीत उष्ण झऱ्याच्या वाहनतळावर मोठ्या गाडीला नऊनंतर जागा मिळत नाही, तेथेही सकाळीच जावे. मात्र थंड सकाळी वाफेमुळे रंग दिसत नाहीत, तेव्हा ऊन वर येईपर्यंत तेथेच थांबण्याची तयारी ठेवावी. आम्ही गाडीतच चहा-पोहे करून थांबलो.

स्वयंपाकाविषयी सांगायचे तर घरचा प्रेशर कुकर अवश्य न्यावा. फिशिंग ब्रिज समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे, तेथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळते आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी बोटाने चिरडत नाही. कुकरमध्ये ती नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त घेऊन मऊ झाली. फोडणीचा धूर झाला की छताचा धूरसूचक लगेच वाजतो, म्हणून तेल तापवण्याआधीच पंखा आणि छतावरची खिडकी उघडावी. भांडी, मसाल्याचे डबे, अगदी कढीपत्त्याची पिशवीसुद्धा बाहेरच्या टेबलावर ठेवू नये. अस्वलांच्या प्रदेशात हा नियम आहे आणि रक्षक रात्री फेरी मारून पाहतात. फ्रिजच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते. तो गॅसवरही चालतो, पण गाडी समतल नसेल तर नीट थंड होत नाही. आम्ही घरून पाणसळ नेली होती. चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे सरकवून बुडबुडा मध्यावर आणला की मगच चहाचे आधण ठेवत असू.

ग्रँड टेटनमध्ये कोल्टर बे येथे दोन रात्री विश्रांती घेतली. झाडीतल्या जागा फिशिंग ब्रिजपेक्षा पुष्कळ मोकळ्या आहेत आणि तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मूस-विल्सन रस्त्यावर मोटरहोमला बंदी आहे, एवढे लक्षात ठेवावे. परतीच्या वाटेवर रॉलिन्सपासून पुढे वाऱ्याने गाडी सारखी शेजारच्या पट्ट्याकडे ढकलली जात होती. आम्ही ताशी पन्नास मैलांवर उतरलो आणि एका विश्रांतिस्थळी दोन तास थांबून राहिलो. वायोमिंगमध्ये या महामार्गावर उंच पण हलक्या वाहनांसाठी रस्ता बंद केल्याच्या सूचना लागतात, त्या आपल्यासाठी असतात हे विसरू नये.

खर्चाचा हिशेब असा. सोळा रात्रींचे भाडे रात्रीला १३५ डॉलरप्रमाणे २,१६० डॉलर झाले. विमा, भांडी-अंथरुणाचा संच आणि ठरलेल्या मैलांपेक्षा जास्त झालेले मैल धरून आणखी ७०० च्या आसपास लागले. एकूण १,९६० मैल झाले, गाडीने गॅलनला साडेआठ मैल दिले आणि पेट्रोलला जवळपास ७६० डॉलर गेले. मुक्कामाच्या जागांचे ८०० झाले. मोटार आणि मोटेल घेऊन हाच प्रवास आम्हाला साधारण एवढ्यातच पडला असता. राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा वार्षिक पास पुष्कळ ठिकाणी चालला, मात्र माउंट रशमोरचे वाहनतळ-शुल्क आणि कस्टर स्टेट पार्कचा परवाना वेगळा भरावा लागतो. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांनी पास काढण्याआधी दर पाहून घ्यावेत: जानेवारी २०२६ पासून ८० डॉलरचा दर केवळ अमेरिकेच्या रहिवाशांसाठी आहे, इतरांसाठी तो २५० डॉलर झाला आहे.

गाडी परत करताना तपासणी चोख आणि न्याय्य झाली, नसलेले ओरखडे दाखवण्यात आले नाहीत, आणि अनामत रक्कम आठवड्याभरात परत आली. बॅटरीचे पैसे मिळायला मात्र तीन ईमेल आणि पाच आठवडे लागले. गाडीला मी पाचपैकी चार गुण देते, सेवेला दोन. त्या आवारातील व्यवस्थापकांना मी दोन पानांचे पत्र लिहून पाइप, बॅटरी आणि 'टो-हॉल' बटण या तीन गोष्टी गाडी देतानाच्या यादीत घालण्याची विनंती केली आहे. त्यांचे उत्तर आले: पाइप आता प्रत्येक भाड्यानंतर बदलला जाईल. बाकी दोन गोष्टींबद्दल त्यात काही लिहिलेले नाही, त्यामुळे तेथून गाडी घेणाऱ्याने त्या स्वतः विचारून घ्याव्यात.